फ्लाइंग स्कूलने दिलेला नकार

“नाही घेणार मी हिला,” कॅप्टन इंगोले म्हणाले आणि हातातला हेडसेट टेबलावर ठेवला.

खोलीत नाझिया होती, जिच्याबद्दल हे चाललं होतं. तिचे वडील रफीकभाई होते. रफीकभाईंची मोठी बहीण होती, जिला घरातले, गल्लीतले आणि आता मीसुद्धा फुप्पी म्हणतो. आणि या सगळ्यांना अकोल्याहून या धावपट्टीवर यायला सांगणारा मी होतो. मला आधी वाटलं, कॅप्टन मस्करी करताहेत. या धंद्यात मी महाग शाळा पाहिल्या होत्या, बंद पडलेल्या पाहिल्या होत्या, तारखेवर तारीख देणाऱ्या तर कितीतरी. दारात आलेल्या विद्यार्थ्याला परत पाठवणारी फ्लाइंग स्कूल मात्र पहिल्यांदाच पाहत होतो.

आमचा धंदा काय, ते आधी सांगतो. अमरावतीत आमचं छोटं ऑफिस आहे. मालक धोटे सर. परदेशातून पायलट होऊन आलेल्या मुलामुलींना इथली योग्य फ्लाइंग स्कूल शोधून देणं, हे आमचं काम. लोकांना वाटतं, तिकडे कमर्शियल पायलट लायसन्स मिळालं की इथे उतरल्या उतरल्या विमान कंपनीची नोकरी. तसं नसतं. तिकडचं लायसन्स इथे जसंच्या तसं चालत नाही. इथल्या परीक्षा द्यायच्या, इथलं मेडिकल करायचं आणि इथल्या परीक्षकासमोर विमान उडवून दाखवायचं. मग तिकडच्या लायसन्सच्या आधारावर इकडचं मिळतं. याला कन्व्हर्जन म्हणतात. उडवून दाखवायला विमान लागतं, ते कोणाच्या अंगणात उभं नसतं. म्हणून फ्लाइंग स्कूल लागते.

शाळा निवडताना आम्ही काही गोष्टी बघतो. मूल ज्या जातीच्या विमानावर शिकलं, त्याच जातीचं विमान तिथे आहे का. असेल तर ते उडतंय, की हँगरमध्ये पार्टची वाट बघत धूळ खातंय. परीक्षक वेळेवर मिळतो का. आणि सगळ्यात जास्त धाक वेळेचा. उडण्याचा सराव ताजा लागतो. शेवटची उड्डाणं फार जुनी झाली की ती धरत नाहीत, पुन्हा नव्याने तास घालावे लागतात. नाझिया अमेरिकेहून आल्यावर परीक्षा आणि मेडिकलमध्येच तिचे बरेच महिने गेले होते. आता थोडे दिवस हातात होते. ते गेले असते तर तिला पुन्हा सुरुवातीपासून उडवण्याची रफीकभाईंची ताकद नव्हती. हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत, मुलगी बाहेर गेल्यावर, हळू आवाजात सांगितलं होतं.

मी स्वतः नववीतून शाळा सोडलेला माणूस. गाव कुडाळच्या बाजूला. धोटे सरांच्या विद्यार्थ्यांची गाडी चालवायला म्हणून अमरावतीत आलो. सरांनी आधी फोन घ्यायला लावले, मग मेल वाचायला शिकवलं, मग एक दिवस म्हणाले, परब, उद्यापासून तू क्लायंटशी बोल. माझ्या शिक्षणाच्या माणसाला खुर्ची कोण देतं? त्यामुळे सर म्हणतील ते मी करतो, आणि क्लायंट नाराज झाला तर मला घास गिळवत नाही. आईला अजूनही फोनवर सांगतो, सगळं बरं चाललंय. पण रोज सकाळी कुलूप उघडताना वाटतं, आज कोणीतरी माझी मार्कशीट मागणार.

तर त्या दिवशीचं. कॅप्टन इंगोलेंची शाळा अमरावतीहून गाडीने जाण्यासारखी. एक धावपट्टी, एक हँगर, पत्र्याचं ऑफिस. नाझिया शिकली त्याच जातीचं विमान तिथे होतं आणि ते रोज उडत होतं. मला आणखी काय हवं होतं?

रफीकभाईंची अकोल्यात कूलर बनवायची वर्कशॉप आहे. सकाळी ते फुप्पीला आणि नाझियाला घेऊन निघाले, अमरावतीत मला उचललं आणि आम्ही पोचलो. वऱ्हाडात शाळा बघायला जाणं आणि स्थळ बघायला जाणं यात फारसा फरक नसतो. फुप्पी आधी गेटवरच्या चहावाल्याशी बोलल्या. इथला साहेब कसा, शिवीगाळ करतो का, नमाजाला, उपासाला नाही म्हणतो का, मुली आहेत का शिकायला. चहावाल्याने कॅप्टनला पास केलं, तेव्हा कुठे त्या आत आल्या. नानखटाईचा डबा टेबलावर उघडला. मग कॅप्टन मूळचे कुठले ही चौकशी. ते मोर्शीचे निघाले. फुप्पींची नणंद मोर्शीत दिलेली. अर्धं काम तिथेच झालं असं मला वाटलं.

मग रफीकभाईंनी मुलीचे गुण सांगितले. माणूस स्थळ बघायला गेल्यावर सांगतो तसेच. लय गुणाची आहे, कॅप्टनसाब. अमेरिकेत राहून आली, पण घरात आवाज नाही. मोठ्यांसमोर मान वर करत नाही. तिथल्या उस्तादांनाही कधी उलटून बोलली नाही. नाझिया हे सगळं ऐकत भिंतीजवळ उभी होती. खुर्ची रिकामी होती, तरी वडील आणि फुप्पी बसलेले असल्यामुळे ती बसली नव्हती. कॅप्टन तिच्याकडे बघत होते. मला ते कौतुकाचं बघणं वाटलं.

“फॉर्म नंतर,” ते म्हणाले. “पहिले एक चक्कर मारून येऊ दोघं.”

दोघं विमानाजवळ उभे राहून काहीतरी बोलले. उडण्याआधी हे बोलणं होतंच, त्याला ब्रीफिंग म्हणतात. मग गेले. आम्ही पत्र्याच्या सावलीत उभे होतो. टेक-ऑफ झाल्यावर रफीकभाईंनी माझा दंड धरला आणि विमान उतरेपर्यंत सोडला नाही. फुप्पींच्या हातात तसबीहचे मणी फिरत होते. विमान उतरलं तेव्हा चाकं टेकल्याचा आवाजसुद्धा आला नाही. रफीकभाईंचे डोळे भरले होते. आणि मग आत येऊन कॅप्टन ते पहिलं वाक्य बोलले.

“म्हणजे? फ्लाइंग चांगली नाही तिची?” मी विचारलं. तेच सगळ्यांच्या मनात होतं.

“हात लय चांगला आहे. लँडिंग तं माह्यापेक्षा साफ केलं तिनं.” मग ते नाझियाकडे वळले. “वर जायच्या आधी मी काय सांगितलं होतं तुले?”

“हजार फुटांच्या खाली जायचं नाही, सर. कोणी गेलं तर लगेच बोलायचं.”

“मंग मी विमान माह्या हातात घेतलं. कुठं नेलं?”

“सातशेवर, सर.”

“तुले दिसलं?”

“दिसलं, सर.”

“मी तुले विचारलं का नाही, सगळं बरोबर हाये का म्हणून? तू काय म्हणाली?”

नाझिया पायांकडे बघत होती. “यस सर म्हणाले.”

“काहून?”

ती म्हणाली, “तुम्ही सर आहात.”

तिचं उत्तर मला इतकं बरोबर वाटलं की त्यात चूक काय आहे, हे समजायलाच मला वेळ लागला.

रफीकभाई मात्र तापले. “कॅप्टनसाब, पोरीनं तुमची इज्जत ठेवली.”

“इज्जत विमानाले कळत नाही, रफीकभाई. त्याले जमीन कळते.” कॅप्टनचा आवाज चढला नव्हता. त्यांनी समजावून सांगितलं. खाली सगळं मोकळं रान होतं, धोका त्यांनी येऊ दिला नसता, पण हे तिला माहीत नव्हतं. तिला दिसत होती फक्त उंची दाखवणारी सुई, आणि ती खाली खाली येत होती. तरी ती गप्प बसली. मोठ्या विमानात पुढे दोन पायलट बसतात ते शोभेला नाही. एकाची चूक दुसऱ्याने धरावी म्हणून बसतात. कॅप्टन पन्नाशीचा असतो आणि शेजारचा को-पायलट बहुतेक वेळा नाझियाच्या वयाचा.

“टेस्टमध्ये ती पास होईन,” ते म्हणाले. “परीक्षक नुसता बघते, तो कायले चुकवून दाखवते? लायसन्स भेटन. मंग कधीतरी तिच्या शेजारचा कॅप्टन खरंच चुकन, आन् ही यस सर म्हणून राहील. मागं बसलेल्या लोकायले कोण सांगन?”

फुप्पींनी नानखटाईच्या डब्याला झाकण लावलं.

निघताना कॅप्टन नाझियाला म्हणाले ते मला शब्दशः आठवतं. “पहिले घरी जाऊन शीक. घरात मोठं माणूस चुकून राहिलं तं त्याले तोंडावर सांगता आलं पाहिजे. भांडायचं नाही, सांगायचं. जमलं की ये. मी पुन्हा वर नेतो.”

फुप्पी दारात पुटपुटल्या, “ये कौनसी पढाई है?”

मला अमरावतीत सोडताना रफीकभाईंनी एवढंच सांगितलं की दुसरी शाळा बघा, लवकर बघा.

धोटे सरांना सांगितलं तर ते खुर्चीत मागे रेलले. तू त्यांना शाळा दाखवायला नेलं होतंस की मुलाखतीला, म्हणाले. मग म्हणाले, बाहेरच्या राज्यातली ती एक आहे, लगेच घेते, काही विचारत नाही, फॉर्म भरून टाक. ती शाळा मला माहीत होती. तिथे खरंच काही विचारत नाहीत. मी हो सर म्हटलं आणि फॉर्म उघडून बसलो.

दुसऱ्या दिवशी नाझियाचा फोन आला. गच्चीवरून बोलत असावी, मागे कबुतरं घुमत होती.

“अंकल, दुसरीकडे फॉर्म भरू नका.”

“अब्बूंना सांगितलंस?”

“नाही.”

“मग अजून जमलं नाही म्हणायचं.”

ती हसली, पण फोन ठेवताना आवाज रडवेला होता. मी फॉर्म तसाच ठेवला. सरांनी विचारलं तेव्हा सांगितलं, कागद यायचे आहेत. तिचा वेळ चालला होता आणि तो माझ्या टेबलावर बसून चालला होता.

मग फुप्पींचा फोन. त्यांनी माझा नंबर रफीकभाईंच्या मोबाइलमधून काढला होता.

“परबभाऊ, हे काय लावून दिलं तुमच्या कॅप्टननं? सकाळी उठून मले म्हणते, फुप्पी, तुमची शुगरची गोळी जेवणाआधीची आहे, तुमी जेवल्यावर घेता. इतकी वर्षं मी अशीच घेऊन राहिली. परवा तिच्या चाचाले म्हणे, तुमी दुकानात गिऱ्हाईकाचं पुरं ऐकत नाही. घर आहे का ऐरोड्रोम?”

मी भीत भीत विचारलं, गोळीचं खरं होतं का?

“डॉक्टरनं सांगितलं होतं तसं,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यानंतर काही दिवस काहीच नाही. आणि मग रफीकभाईंनी बोलावलं. वर्कशॉपवर या म्हणाले. आवाज इतका सपाट होता की मला वाटलं, आता सगळं संपलं, ते पैसे परत मागणार आणि धोटे सर मला विचारणार की फॉर्म का भरला नव्हता. बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेलो. वर्कशॉपमध्ये पत्रे कापायचं मशीन चालू होतं. त्यांनी ते बंद करायला लावलं, माणसांना चहाला पाठवलं आणि मला समोर बसवलं.

आदल्या आठवड्यात सगळे जेवायला बसले होते. नाझिया म्हणाली, अब्बू, एक सांगायचं आहे. रफीकभाईंना वाटलं, शाळेचं असेल. ती म्हणाली, “अब्बू, तुम्हाला डाव्या बाजूचं दिसत नाही. तुम्ही गाडी चालवू नका.”

“मी चिडलो,” रफीकभाई मला सांगत होते. “म्हटलं, काय बोलून राहिली? मले सगळं दिसते. तर तिनं काय केलं, वाद घातला नाही. म्हणाली, समोर बघा, माझ्या नाकाकडं. अन् विचारलं, पाण्याचा गिलास कुठं आहे? मी म्हटलं, ठेवलाच नाही. तो माझ्या डाव्या हाताशी होता, परबभाऊ. भरलेला.”

मेडिकलच्या वेळी डोळे किती बारकाईने तपासतात ते तिने नुकतंच पाहिलं होतं. त्यामुळे तिला अंदाज आला असेल. पण यापुढचं ऐकून मी हललो. रफीकभाईंना आपलं दिसणं कमी झालंय हे माहीत होतं. त्यांना वाटत होतं, ते फक्त त्यांनाच माहीत आहे. त्या रात्री कळलं, घरात सगळ्यांना माहीत होतं. बायको कांद्याची बशी नेहमी उजवीकडे ठेवायची. मुलगा गाडीत पुढे बसला की ‘अब्बू, जरा उजवीकडून’ असं म्हणायचा. वर्कशॉपचा मिस्त्री त्यांच्या डाव्या बाजूला कापलेला पत्रा ठेवायचा नाही. सगळ्यांनी आपापली सोय लावून घेतली होती. सांगितलं कोणीच नव्हतं. ते घरातले मोठे.

“डॉक्टर काय म्हणाले?” मी विचारलं.

“काचबिंदू. गेलं ते येत नाही म्हणाला. राहिलं ते थेंब टाकून टिकवू म्हणाला. आणखी उशीर झाला असता तर… गाडीची चावी मी तिलेच दिली.”

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही म्हणता येणार नाही. आपल्याच घरात आपण अनोळखी आहोत असं कळल्यावर माणूस बसेल तसे ते बसले होते. मी पण तसाच बसलो होतो. कारण माझ्या डोक्यात वेगळंच चालू होतं. अमरावतीहून धावपट्टीपर्यंत आणि परत, मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून आलो होतो. म्हणजे डावीकडे. तेवढा सगळा वेळ रस्त्याची ती बाजू त्यांना दिसत नव्हती, आणि कदाचित मीही.

“कॅप्टनले फोन लावा,” ते म्हणाले. “पोरगी येऊन राहिली म्हणा.”

या खेपेला गाडी नाझियाने चालवली. फुप्पी आल्या, पण चहावाल्याकडे थांबल्या नाहीत. कॅप्टननी रफीकभाईंना डोळ्याबद्दल काही विचारलं नाही, मी फोनवर सांगितलेलं होतं. त्यांनी फक्त खुर्ची रफीकभाईंच्या उजव्या हाताला, त्यांना दिसेल अशी, ओढून दिली. नाझिया न सांगता बसली. मग दोघं वर गेले.

खाली आल्यावर कॅप्टन आधी पाणी प्यायले.

“या वेळी काही सांगून ठेवलं नव्हतं,” ते म्हणाले. “कॅप्टन चुकन तेव्हा आधी कोण सांगते? मी विमान घेतलं अन् खाली न्यायले लागलो. पोट्टी म्हणाली, सर, हाइट. मी ऐकलंच नाही. पुन्हा म्हणाली, जोरात. मी तरी तसाच. तिसऱ्यांदा काही म्हणाली नाही. ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणाली अन् माह्या हातून विमान घेऊन वर नेलं.” ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणजे आता विमान माझ्या ताब्यात, हे सांगायची पायलटांची ठरलेली पद्धत. “मले भीती वाटली,” कॅप्टन म्हणाले, आणि नाझियाकडे बघून हसले. “फॉर्म भरा.”

फुप्पींनी विचारलं, “तुमच्याशी उद्धट बोलली का?”

“नाही. लय अदबीनं घेतलं.”

वेळ इतका थोडा उरला होता की मी परीक्षकाच्या तारखेसाठी दिवसभर फोनला चिकटून होतो. तारीख मिळाली. हवा चांगली राहिली. नाझियाने टेस्ट दिली आणि ती पास झाली. तिची जुनी उड्डाणं कालबाह्य होण्याआधी सगळे कागद गेले. निकाल कळला तेव्हा तिने पहिला फोन वडिलांना केला आणि दुसरा मला. मी ऑफिसच्या बाहेर जाऊन उभा राहिलो, आत धोटे सर होते आणि माझा चेहरा त्यांना दाखवायचा नव्हता.

आजकाल कोणी शाळा निवडायला आलं की मी आधी पूर्वीचेच प्रश्न विचारतो. विमान कोणत्या जातीचं, उडतंय का, परीक्षक कधी. आणि शाळांना फोन केला की एक नवा प्रश्न विचारतो: तुम्ही शेवटचं ‘नाही’ कोणाला म्हटलं होतं? पुष्कळ जण हसतात. काही जण सांगतात की आम्ही सगळ्यांना घेतो, आणि ते अभिमानाने सांगतात. एकाने फोन ठेवून दिला. ज्यांनी आजवर कोणालाच ‘नाही’ म्हटलेलं नाही, त्यांचं नाव मी क्लायंटला सांगत नाही.

धोटे सर म्हणतात, असं विचारत बसलास तर आपल्याकडे सांगायला शाळाच उरणार नाहीत. उरल्या आहेत. थोड्या आहेत.